धनंजयराव गाडगीळ आणि बांधावरचे अर्थशास्त्र

महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याची धनंजयराव गाडगीळांशी गाठ पडते ती बहुधा परीक्षेतील एका टिपेपुरती. गाडगीळ सूत्र म्हणजे काय, त्यात लोकसंख्येला किती भार होता, दरडोई उत्पन्नाला किती, एवढे पाठ केले की टीप पुरी होते आणि गुणही पदरात पडतात. प्रश्नपत्रिका शेतीच्या अर्थशास्त्राची असेल तर १९५४ च्या ग्रामीण पतपाहणीवर एखादा प्रश्न येतो आणि त्याच्या उत्तरात हे नाव पुन्हा एकदा डोकावून जाते. ज्या गृहस्थाने हा विषय वर्गाच्या चार भिंतींतून काढून शेताच्या बांधावर नेला, त्याचेच नाव अखेर प्रश्नपत्रिकेत बंदिस्त होऊन पडावे, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे. गाडगीळांच्या निधनाला अर्धशतक उलटून गेले. शेतीचे अर्थशास्त्र शिकायचे म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाचे एक रोखठोक उत्तर त्यांच्या चरित्रात आहे. ते शिकणाऱ्यांना आणि शिकविणाऱ्यांना सोयीचे नाही. म्हणूनच ते पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणणे अगत्याचे आहे.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपुरात झाले आणि उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी एम.लिट. पदवीसाठी लिहिलेला प्रबंध अर्वाचीन हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवर होता. १९२४ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकाचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. ग्रंथाच्या नावात उद्योग असला तरी त्यातील कितीतरी पाने शेतकऱ्याविषयी आहेत. रेल्वे आली, कापूस परदेशी जाऊ लागला, गावचे कारागीर बसले, दुष्काळ पडले. या साऱ्या उलथापालथीत कुणब्याचे काय झाले, याचा मागोवा त्यात घेतलेला आहे. पुढे या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो अभ्यासला.

मायदेशी परतल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात त्यांनी अल्पकाळ नोकरी केली. १९२५ मध्ये ते सुरतेच्या एम.टी.बी. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. चोविसाव्या वर्षी प्राचार्यपद मिळालेल्या केंब्रिजच्या पदवीधराला पुढचा मार्ग सरळ होता. वर्षानुवर्षे तीच व्याख्याने द्यावीत, विद्यापीठाच्या मंडळांवर बसावे आणि मानाने निवृत्त व्हावे, यात कोणी काही वावगे मानले नसते. परंतु १९३० साली त्यांनी ही वाट सोडली.

पुण्याची नवी संस्था

साताऱ्याचे रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून ६ जून १९३० रोजी पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक म्हणून गाडगीळांची नेमणूक झाली आणि १९६६ पर्यंत, म्हणजे सलग छत्तीस वर्षे, ते त्या पदावर राहिले. संस्था आरंभी अगदी लहान होती. भारत सेवक समाजाचा ग्रंथसंग्रह हाताशी होता, मूठभर सहकारी होते आणि पैसा बेताचा होता. सरकारी खात्याचा हुकूम नाही आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचे जोखडही नाही, हे तिचे खरे भांडवल.

शेतीचे अर्थशास्त्र ही ज्ञानशाखा त्या वेळी जगातही कोवळीच होती. अमेरिकेत हेन्री टेलर यांचे पाठ्यपुस्तक १९०५ मध्ये निघाले होते आणि ऑक्सफर्डला या विषयाची संशोधन संस्था १९१३ मध्ये सुरू झाली होती. आपल्याकडे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. १७७१ साली त्या गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष त्या काळी धक्का देणारा ठरला. १९२१ मध्ये त्यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा अभ्यास छापला. परंतु मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. एखाद्या अर्थशास्त्रज्ञाने आपले सारे आयुष्य या कामाला वाहावे आणि त्यासाठी एक संस्था उभी करावी, हे पुण्यात गाडगीळांच्या रूपाने प्रथम घडले.

काळही मोठा कठीण होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. सारा, पाणीपट्टी आणि सावकाराचे व्याज मात्र पैशात ठरलेले असल्यामुळे जागच्या जागी राहिले. पूर्वी एक पोते ज्वारी विकून जे देणे फिटे, त्यासाठी आता दोन पोती विकण्याची पाळी आली. अशा वेळी इंग्लंडातील गव्हाच्या किमतींवर रिकार्डोने काय म्हटले आहे, एवढे सांगून अध्यापकाचे कर्तव्य संपते काय, हा प्रश्न कोणाही विचारी माणसाला पडावा. गाडगीळांना तो पडला आणि त्याचे उत्तर त्यांनी पाहणी करून द्यायचे ठरविले.

हिशेब मांडण्याची शिस्त

संस्थेच्या आरंभीच्या पाहण्यांचे विषय पाहिले तर आजही नवल वाटते. १९३३ मध्ये पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतुकीचा अहवाल निघाला. १९४० मध्ये वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी छापली गेली. पेरू-संत्र्यांच्या टोपल्या आणि सडकेवरची खटारा मोटार हे तेव्हाच्या विद्वानांना संशोधनाचे विषय वाटत नसत. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने माल बाजारात कसा जातो, वाटेत हमाली, तोलाई व अडत यांत किती कापले जाते आणि अखेर हातात काय उरते, हाच अर्थशास्त्रातील मुख्य प्रश्न असतो. गाडगीळांनी त्या प्रश्नाला अर्थशास्त्राच्या मुख्य दालनात जागा दिली.

वाईच्या पाहणीसारखे काम वरवर सोपे दिसते. प्रत्यक्षात ते फार कठीण आहे. कारखानदार वह्या ठेवतो, शेतकरी ठेवत नाही. किती पेरले आणि किती पिकले हे तो सांगू शकेल. परंतु बैलांना घातलेल्या कडब्याची किंमत, घरच्या बायकांनी केलेल्या खुरपणीची मजुरी, खळ्यावर बलुतेदाराला घातलेले धान्य आणि घरात खाल्लेली ज्वारी यांचा हिशेब पैशात मांडलेला नसतो. तो मांडायचा तर अभ्यासकाने गावात जाऊन बसले पाहिजे, एकाच घरी पुन्हा पुन्हा गेले पाहिजे आणि उत्तरे पडताळून घेतली पाहिजेत. शिवाय प्रत्येक आकड्यामागे एक निर्णय दडलेला असतो. घरच्या श्रमाला बाजारभावाने मजुरी धरली तर बहुतेक लहान शेती तोट्यात दिसते. ती धरली नाही तर तीच शेती नफ्याची वाटू लागते. आकडे तेच आणि शेतकरीही तोच, पण अर्थ मात्र उलटा.

हा वाद जुना झाला असे कोणी समजू नये. किमान आधारभूत किंमत ठरविताना कोणता उत्पादनखर्च धरायचा, रोख खर्चात फक्त घरच्या श्रमाचे मूल्य मिळवायचे की स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरील व्याजही धरायचे, यावर आज जो वाद चालतो त्याचे मूळ शेतीच्या हिशेबातील याच पेचात आहे. रस्त्यावरच्या घोषणांत तो दोन ओळींत मांडला जातो. तो समजून घ्यायला मात्र शेतकऱ्याच्या घरी बसून वर्षभराचा जमाखर्च लिहून काढण्याची शिस्त लागते. गाडगीळांच्या संस्थेने ती शिस्त महाराष्ट्राला लावली.

या शिस्तीचे सर्वांत महत्त्वाचे फळ म्हणजे गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी. ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. कालव्याचा फायदा मोजायचा तर सरकार पाणीपट्टीची वसुली आणि बांधकामावरील व्याज यांची वजाबाकी करी. वसुली कमी पडली की कालवा तोट्यात गेला असे ठरे. गाडगीळांनी हिशेबाची कक्षा रुंदावली. पाण्यामुळे मजुरांना किती काम मिळाले, व्यापार किती वाढला, दुष्काळाच्या साली सरकारचा खर्च किती वाचला, आसपासच्या कोरडवाहू भागाला त्यातून काय लाभले, असे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ मोजण्याचा तो या देशातील आरंभीचा पद्धतशीर प्रयत्न होता. पुढे धरणांचे मूल्यमापन करणाऱ्यांना त्या पाहणीकडे वळावेच लागले.

अभ्यासकाच्या अंगावर आलेली जबाबदारी

येथवरची हकिकत एका कर्तबगार संशोधकाची आहे. गाडगीळांचे चरित्र वेगळे ठरते ते पुढच्या वळणावर.

तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गोदावरी व प्रवरा यांचे कालवे दुष्काळनिवारणाच्या हेतूने काढलेले होते. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, पण ऊस लावणाऱ्याचे दैन्य काही हटले नाही. उसाला भांडवल फार लागते, पीक वर्ष-दीड वर्ष शेतात उभे राहते आणि तोपर्यंत सावकाराचे व्याज चढत जाते. गूळ करावा तर गुळाचा भाव आज वर तर उद्या खाली. १९३२ मध्ये साखरधंद्याला संरक्षण मिळाल्यावर कालव्यांच्या भागात खासगी साखर कारखान्यांना बरकत आली. परंतु कारखाने जमिनी खंडाने घेऊन स्वतःच ऊस पिकवीत आणि जमिनीचा धनी खंडाच्या चार पैशांवर समाधान मानी. त्यातच तोडलेला ऊस फार काळ ठेवता येत नाही. दिवस उलटला की त्यातील साखर घटू लागते. पंचक्रोशीत गिऱ्हाईक एकच असेल तर शेतकऱ्याला भाव मागण्याची ताकद उरत नाही. ऊस आणि साखर यांच्यामधला नफा शेतकऱ्याच्या हाती यायचा असेल तर कारखानाच त्याच्या मालकीचा झाला पाहिजे, हा निष्कर्ष या परिस्थितीतून क्रमाने निघत होता.

१९४५ मध्ये बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी गाडगीळ होते. बागायतदारांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचा कारखाना काढावा, हा विचार तेथे पुढे आला. अशा परिषदा पुष्कळ भरतात आणि अध्यक्षीय भाषणे टाळ्यांच्या गजरात विरून जातात. ही विरली नाही, कारण लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी ती कल्पना उचलून धरली. विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण थोडेच झालेले होते, पण १९२३ मध्येच त्यांनी आपल्या गावी सहकारी पतपेढी काढून सावकारीशी दोन हात केले होते. त्यांनी गावोगाव हिंडून भागभांडवल गोळा केले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता सहकाराचे जाणते पुरस्कर्ते होते. त्यांनी सरकारचा पाठिंबा मिळवून दिला. प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. शेतकऱ्यांनी त्याचे अध्यक्षपद गाडगीळांकडे सोपविले आणि ते त्यांनी सुमारे दहा वर्षे सांभाळले.

या निवडीमागचा काळ लक्षात घेतला पाहिजे. १९४८ च्या आरंभी गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलींनी पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मण आणि मराठा समाजांत खोल दुरावा निर्माण केला होता. अशा दिवसांत प्रवराकाठच्या शेतकऱ्यांनी पुण्याच्या एका ब्राह्मण प्राध्यापकाला आपल्या कारखान्याचा अध्यक्ष करावा, ही सामान्य घटना नव्हती. त्यात विठ्ठलरावांचे मोठेपण होतेच. या प्राध्यापकाने वर्षानुवर्षे या भागातले हिशेब तपासले होते, आणि त्या हिशेबांमधून त्याचा स्वतःचा कोणताही लाभ साधत नव्हता. लोकांच्या विश्वासाचे मूळ येथे होते. गाडगीळांनीही तो मान कागदोपत्री ठेवला नाही. यंत्रसामग्री, कर्जे, उसाचा भाव, सभासदांच्या तक्रारी, सरकारी परवाने या रुक्ष बाबी त्यांच्या दैनंदिन कामाचा भाग झाल्या. आपण सुचविलेला उपाय फसला तर त्याचे खापर आपल्या डोक्यावर फुटेल अशा जागी एखादा अर्थशास्त्रज्ञ आपणहून जाऊन उभा राहिल्याचे दाखले फार थोडे आहेत.

गावापासून देशापर्यंत

प्रवरेचा अनुभव लोणीपुरता राहिला नाही. १९४४-४५ मध्ये गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील शेतीवित्त उपसमितीने शेतकऱ्यांच्या कर्जांची सक्तीने तडजोड करावी आणि जेथे सहकारी पतपुरवठा पुरा पडत नसेल तेथे सरकारी पतमहामंडळ स्थापावे, असे सुचविले होते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. ए. डी. गोरवाला हे तिच्या मार्गदर्शक समितीचे अध्यक्ष होते आणि गाडगीळ सदस्य. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे पाहणीखाली आली. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांनी जेवढे कर्ज काढले त्यातील सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला. सरकारचा वाटा ३.३ टक्के होता आणि व्यापारी बँकांचा एक टक्काही नव्हता. सावकारांकडून आलेले कर्ज मात्र ७० टक्क्यांच्या घरात होते. सहकारी कायद्याला तेव्हा पन्नास वर्षे होत आली होती.

या आकड्यांवरून सहकार मोडीत काढावा, असा निष्कर्ष कोणीही काढला असता. समितीने १९५४ च्या अहवालात नेमका उलटा कौल दिला. सहकार आजवर अपयशी ठरला हे तिने स्वच्छ मान्य केले आणि तरीही तोच यशस्वी केला पाहिजे, असे बजावले. एकट्यादुकट्या गरीब शेतकऱ्यांची पतपेढी गावातील सावकार, व्यापारी व जमीनदार यांच्या एकजुटीपुढे टिकत नाही, म्हणून सरकारने तिच्यात भागीदार व्हावे. आणि कर्ज, विक्री व प्रक्रिया यांची एकमेकांशी सांधेजोड करावी, हा त्या योजनेचा गाभा होता. कारखान्याला घातलेल्या उसाच्या पैशातून सोसायटीचे कर्ज आपोआप वळते होते, ही पुढे घरोघर परिचित झालेली पद्धत त्याच सांधेजोडीचे रूप होय. या अहवालानंतर इंपीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक अस्तित्वात आली. १९६९ मध्ये गाडगीळांच्याच अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी जिल्हा हा घटक धरून काम करावे असे सुचविले आणि त्यातून अग्रणी बँक योजना निघाली.

संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या कामातही त्यांचा वाटा मोठा होता. १९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि सप्टेंबर १९६७ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. पंचवार्षिक योजना तेव्हा खंडित झाली होती आणि राज्यांना केंद्राकडून मिळणारी मदत बव्हंशी मर्जीवर अवलंबून होती. जो मुख्यमंत्री दिल्लीत वजनदार, त्याच्या राज्याची झोळी भरलेली, असा प्रकार होता. १९६९ मध्ये मान्य झालेल्या सूत्राने साठ टक्के मदत लोकसंख्येवर आणि प्रत्येकी दहा टक्के मदत कमी दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि राज्यांचे खास प्रश्न यांवर ठरविली. विद्यार्थी टिपेत लिहितो ते सूत्र हेच. मर्जीच्या जागी मोजमाप आणावे, या वाईच्या शेतकऱ्यापासून चालत आलेल्या सवयीचा तो दिल्लीतील आविष्कार होता. नियोजन मंडळ आता राहिले नाही. १ जानेवारी २०१५ रोजी त्याची जागा नीती आयोगाने घेतली. परंतु केंद्राने राज्यांना पैसा कोणत्या न्यायाने वाटावा, हा प्रश्न तेव्हा होता तेवढाच आजही धगधगता आहे.

१९७१ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर गाडगीळांनी पद सोडले. दिल्लीचा निरोप घेऊन पुण्याकडे परतत असता प्रवासातच ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

जमा आणि खर्च

ज्याने आयुष्यभर इतरांचे हिशेब चोख मांडले, त्याच्या कार्याचा जमाखर्चही तितक्याच चोखपणे मांडला पाहिजे. जमेची बाजू डोळ्यांपुढे आहे. प्रवरेच्या वाटेने महाराष्ट्रात गावोगाव सहकारी कारखाने उभे राहिले, त्यांच्याभोवती शाळा, महाविद्यालये, रुग्णालये निघाली आणि ग्रामीण भागातील सामान्य घरांतील मुले तेथे शिकून वर आली.

खर्चाची बाजूही तितकीच ठसठशीत आहे. सहकार सभासदांचा असतो आणि सभासद होण्यासाठी शेतात ऊस असावा लागतो. ज्याच्या शेताला पाणी नाही आणि ज्याला शेतच नाही, तो या कुटुंबाबाहेर राहिला. मराठवाड्यातील दुष्काळी तालुक्यांतून दरवर्षी संसार पाठीवर घेऊन ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांच्या कोयत्यावर हा सारा डोलारा उभा आहे. कारखान्याच्या वार्षिक सभेत मात्र त्यांना जागा नाही. उसाने थोड्या जमिनीसाठी पाण्याचा फार मोठा वाटा ओढून घेतला. जे सरकार दुबळ्यांचा भागीदार म्हणून सहकारात आले, त्याच्या पाठोपाठ राजकारणही आले, आणि कारखान्याची सत्ता ही विधानसभेची शिडी झाली. एक सभासद एक मत हे तत्त्व कागदावर राहून अनेक ठिकाणी घराण्यांचा कारभार सुरू झाला. पुढे कित्येक सहकारी कारखाने कर्जात बुडून खासगी हातांत गेले. गावातील बलदंड मंडळीच सहकारावर कब्जा करतील, हा इशारा डॅनियल थॉर्नर यांच्यासारख्या अभ्यासकाने गाडगीळांच्या हयातीतच दिलेला होता.

गाडगीळांना हे दिसले नसेल असे मानणे कठीण आहे, कारण गावातील सत्तेची रचना त्यांच्या समितीनेच १९५४ मध्ये उघड केली होती. सरकारची भागीदारी हा त्यावरचा उतारा ठरेल, हा त्यांचा अंदाज होता. सरकारही त्याच बलदंडांच्या हाती जाईल ही शक्यता त्या अंदाजात पुरेशी धरलेली नव्हती, असे आज म्हणावे लागते. मात्र त्यांच्या पद्धतीत स्वतःची चूक शोधण्याची सोयही होती. याच संस्थेतील वि. म. दांडेकर व खुदनपूर यांनी १९५७ मध्ये मुंबईच्या कूळकायद्याची प्रत्यक्षातील अंमलबजावणी तपासून त्याचे वाभाडे काढले. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ च्या आरंभी, म्हणजे संस्थेचे माजी संचालक नियोजन मंडळावर असतानाच, नियोजनाची फळे गरिबांपर्यंत पोहोचली नाहीत हे आकड्यांनिशी मांडले. आपल्याच छत्राखाली वाढलेल्या माणसांना आपल्याच धोरणांचा हिशेब तपासू देणे, हे संस्था उभारण्याहून अवघड काम आहे.

आज शेतीच्या अर्थशास्त्राची साधने कितीतरी वाढली आहेत. उपग्रहाची छायाचित्रे आहेत, बाजारभाव घरबसल्या कळतात, लाखो कुटुंबांची आकडेवारी एका पेटीत मावते. अनेक अभ्यासक्रमांत गावाची पाहणीही नेमलेली असते. परंतु ती बहुधा एका दिवसाच्या सहलीत उरकली जाते, प्रश्नावल्या झाडाखाली बसून भरल्या जातात आणि प्रकल्पाची वही गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरविली जाते. दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. ज्या शिक्षकाने स्वतः कधी एका शेतकऱ्याचा वर्षभराचा जमाखर्च लिहिलेला नाही, त्याने विद्यार्थ्याला तो लिहायला सांगावा कोणत्या तोंडाने?

ऊसतोड मजुराच्या कुटुंबाचा हंगामाचा हिशेब, कोरडवाहू सोयाबीन-कापसाचा खरा खर्च, बुडालेल्या कारखान्याच्या सभासदाच्या भागभांडवलाचे झाले काय, गावच्या सोसायटीचे कर्ज कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हे विषय तालुक्याच्या महाविद्यालयापासून सायकलच्या अंतरावर आहेत. त्यांच्यासाठी केंब्रिजला जावे लागत नाही आणि मोठे अनुदानही लागत नाही. १९३० साली एका एकोणतीस वर्षांच्या प्राचार्याने चांगली जागा सोडून मूठभर सहकाऱ्यांनिशी अशाच कामाला आरंभ केला होता. त्याच्या उत्तरांतील काही चुकली असतील. त्याचे प्रश्न विचारण्याची रीत मात्र चुकली नव्हती, आणि गाडगीळ सूत्रावर टीप लिहून जे साधत नाही, ते त्या रीतीने एका गावाचा हिशेब लिहून साधण्यासारखे आहे.